जाधवची टाच

मंगळवार, संध्याकाळ

आज थेरगावच्या बागेत जाधव भेटला. चाकणच्या कंपनीतला आमचा सुपरवायझर. काठी टेकत, तोंड वाकडं करून चालत होता. म्हणे टाच दुखते. याची टाच? जन्मभर केबिनमधली खुर्ची सोडली नाही, याच्या टाचेला काय धाड भरली?

टाचा गेल्या माझ्या, प्रेसवर उभं राहून राहून. मशीनजवळ एक साधं स्टूल मागितलं, तर सगळ्यांसमोर म्हणाला होता, "मोरे, बसायचं असेल तर घरी बसा." रिटायर होईपर्यंत ते स्टूल काही मिळालं नाही.

आज तोच बाकावर बसला आणि बाजूला सरकला. शेजारची जागा थोपटत म्हणाला, "या मोरे, बसा की. उभे कशाला?"

स्टूलचं त्याला आठवतही नसणार. मीही लंगडतोय हे पाहून डॉक्टर कुठला, चप्पल कसली वापरता, विचारत बसला. जणू दोघांचं दुखणं एकच! मी म्हटलं, "नको साहेब, उभं राहायची सवय आहे." आणि तो उठून जाईपर्यंत समोर उभाच राहिलो.

आता गरम पाण्यात पाय बुडवून लिहितोय. टाच अशी ठणकतेय की डोळ्यांत पाणी येतंय. बसलो असतो तर? छे, त्याच्या शेजारी? नाही बसलो तेच बरं.

पण च्यायला, त्याला 'साहेब' कशाला म्हणालो?