हर्षालीनं हात लावला

महाळुंगे पडवळ,
सोमवार, दुपार

तीर्थस्वरूप रखमाजीमामा,

इथूनच तुमच्या पायांवर डोकं ठेवलं असं समजावं. तब्येत कशी आहे? मामीचा खोकला हटला का? फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नाही, म्हणून हे पत्र.

आमची हर्षाली सात वर्षांची झाली आणि यंदा शाळेच्या खो-खोच्या संघात गेली. (गेली म्हणजे, नववी पोरगी मिळेना म्हणून भरत सरांनी घेतली. मी गावभर वेगळं सांगितलंय.) तिचा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे. भाकरीचा घास हातात धरून अर्धा अर्धा तास खिडकीबाहेर बघते. पहिल्या सामन्यात तिच्या पाठीवर थाप पडली, कानात 'खो' ओरडून झालं, तरी ही आपली चौकोनात बसूनच. मागची पोरगी रडकुंडीला आली. नंतर विचारलं, तर म्हणते, "पप्पा, समोरनं मुंगी घरी चालली व्हती. मी उठले असते तर तिची वाट मोडली असती." यावर काय बोलणार? (मी बोललो. ते इथं लिहीत नाही.)

दुसऱ्या सामन्यात तिची पळायची पाळी आली, तर ही खांबाशेजारी उभी राहून ढगांकडं बघत राहिली. इतकी निवांत, की ही खेळतेय हेच समोरच्या पोरींच्या ध्यानात आलं नाही. त्या बाकीच्यांमागं पळत सुटल्या आणि ही शेवटपर्यंत नाबाद! भरत सर म्हणाले, "चांगदेवराव, असला बचाव मी आजवर बघितला न्हाई." खरं सांगतो मामा, त्या दिवशी मीही वर बघितलं. उसाच्या रानावरून एक पांढरा ढग इतका सावकाश चालला होता, की शिट्ट्या, आरडाओरडा सगळं लांब गेलं. आपण इथं कशाला आलोय तेच मला क्षणभर आठवेना.

मग काल आमच्या यात्रेतला सामना, तुमच्या आणे गावच्या पोरींशी. गुण बरोबरीत आणि शेवटचं अर्धं मिनिट. हर्षालीला खो मिळाला आणि काय नवल, ती उठली! पुढं तुमच्या गावची समृद्धी नावाची पोरगी पळत होती, ती घसरून पडली. हर्षाली तिच्याजवळ जाऊन नुसती उभी राहिली. मी दोरीपलीकडून ओरडलो, "हात लाव! अगं, हात लाव!" तिनं खाली बसून समृद्धीच्या सोललेल्या गुडघ्याला हात लावला आणि फुंकर घालायला लागली. शिट्टी झाली. समृद्धी बाद. आम्ही जिंकलो!

गुलाल उडाला, ढोल वाजला, आमच्या प्रत्येक पोरीला एकेक छोटा कप मिळाला. मी नाचत होतो, तर हर्षाली रडत आली. "मी तिला बाद न्हाई केलं. लई लागलंय का ते बघत व्हते." मी म्हणालो, "बाळा, पण आपण जिंकलो." तर म्हणते, "मग आता तिला परत खेळू द्या." मामा, केसांत गुलाल घेऊन मी तसाच उभा राहिलो.

ती मात्र समृद्धीकडं गेली. दोघी चिंचेखाली बसल्या, एका पुड्यातली रेवडी खाल्ली आणि मान वर करून फांद्यांत काहीतरी बघत राहिल्या. काय ते मला दिसलं नाही. तुमच्या गावचा टेम्पो हॉर्न वाजवून दमला, तेव्हा कुठं उठल्या.

मामीला आणि लहानथोरांना आठवण सांगावी.

तुमचा भाचा,
चांगदेव

ता. क. : पत्राचं खरं कारण राहिलंच. हर्षालीनं समृद्धीला येत्या रविवारी आपल्या घरी बोलावलंय आणि ती येणार म्हणून सगळ्या वर्गाला सांगून टाकलंय. आडनाव विचारलेलं नाही. तुम्ही तिचं घर शोधून तिच्या आईला विचारा. न्यायला-आणायला मी गाडी घेऊन येतो.

ता. क. २ : तिथं गेल्यावर, दोरीपलीकडून ओरडणारा तो माणूस माझा भाचा, असं मात्र सांगू नका.

ता. क. ३ : हर्षाली म्हणते, आपला कप समृद्धीला द्यायचा. मी अजून हो म्हणालेलो नाही. धुऊन पिशवीत ठेवलाय फक्त.