कलम चौदा आणि आपल्या कार्यालयातील कपाट

प्रति,
मा. कामगार अधिकारी,
कामगार कार्यालय, पहिला मजला
(सध्या दौऱ्यावर)

विषय : नोकरीच्या करारातील कलम चौदाचा अर्थ कळवण्याबाबत.
संदर्भ : माझा याच विषयावरील अर्ज, दिनांक ३ जून.

महोदय,

सविनय सादर करतो की, मी कुलूप-किल्लीचा कारागीर असून चौकातील दुकानात अकरा वर्षे नोकरी केली. गेल्या महिन्यात ती सोडून स्वतःचे दुकान थाटायचे ठरवले, तेव्हा मालकांनी मला माझाच करार दाखवला. सही करताना मी फक्त सुट्ट्यांचे पान वाचले होते, ही चूक मला मान्य आहे.

कलम चौदा असे : "नोकरी सोडल्यापासून दोन वर्षे, दुकानापासून पाच किलोमीटरच्या आत, कर्मचारी कोणतेही कुलूप अथवा कडी उघडणार नाही, दुसऱ्याकडून उघडवून घेणार नाही, तसेच त्याबाबत सल्ला, सूचना किंवा इशारा देणार नाही." कोणतेही म्हणजे अगदी कोणतेही का, असे मी मालकांना विचारले. "लिहिलंय तेच," एवढेच ते म्हणाले. सही केल्यावर मागे फिरणारा मी माणूस नाही.

१. माझे घर दुकानापासून दीड किलोमीटरवर आहे. सबब मी घराचे कुलूप उघडत नसे. पत्नी कामावरून येईपर्यंत जिन्यात बसत असे.

२. दिनांक १ रोजी सासूबाई न्हाणीघरात अडकल्या. दार किंचित वर उचलून कडी ओढायची, हे मला आवाजावरूनच कळले होते. परंतु तसे सांगणे ही सूचना झाली असती. "जावईबापू, बोलता येत नसेल तर निदान खोका तरी!" असे त्या आतून ओरडत होत्या. खोकणे हा इशारा होतो. मी खोकलो नाही. दोन तास दहा मिनिटांनी अग्निशामक दलाने दार फोडले.

३. त्यावर पत्नीने "लग्न माझ्याशी केलंय की त्या कलमाशी?" असे विचारले व ती आईला घेऊन भावाकडे गेली. मेव्हण्यांचे घर साडेसहा किलोमीटरवर असल्याने तेथील दार मी कायदेशीररीत्या उघडू शकतो. परंतु तेथे मला कोणी आत घेत नाही. "साहेबांकडून अर्थ लिहून आणा, मगच तोंड दाखवा," असा तिचा निरोप आहे. तेव्हापासून कुलूपवाल्याचे घर सताड उघडे आहे आणि ते मला खायला उठते, हे येथे नमूद करतो.

४. म्हणून आज कार्यालयात हजर झालो. दौऱ्यावर जाण्यापूर्वी आपण माझ्या अर्जावर शेरा मारला आहे, असे लिपिकसाहेब सांगतात. मात्र अर्ज लोखंडी कपाटात आहे व कपाटाची किल्ली हरवली आहे. बाहेरचा कारागीर बोलवायचा तर तीन दरपत्रके लागतात. "तुम्हीच उघडा की," असे ते मला म्हणाले. काम दीड मिनिटाचे आहे. परंतु आपले कार्यालय दुकानापासून तीन किलोमीटरवर पडते.

५. हे लिहीत असतानाच पत्नी दोन बस बदलून येथे आली आहे. मी तिला बोलावलेले नाही. तिने कोणताही करार केलेला नसल्याने, लिपिकसाहेबांच्या संमतीने ती केसातली पिन घेऊन कपाटाशी झटते आहे. अर्धा तास झाला. पिन ती उलट्या बाजूला फिरवते आहे. बोटाला लागले आहे, तरी सोडत नाही. माझ्या चेहऱ्यावरून इशारा जाऊ नये म्हणून मी भिंतीकडे तोंड करून बसलो आहे. साहेब, मला फार वाईट वाटते आहे.

लिपिकसाहेब हा अर्ज आपल्याला येथूनच फोनवर वाचून दाखवणार आहेत. कलमाचा अर्थ सवडीने कळवावा. तूर्त मला पत्नीशी "डावीकडे फिरव" एवढे दोनच शब्द बोलण्याची परवानगी मिळावी. अर्ज करण्यास कलम चौदात मनाई नाही. तरी हा परिच्छेद खणखणीत आवाजात वाचावा, अशी लिपिकसाहेबांनाही हात जोडून विनंती आहे.

आपला नम्र आणि करारबद्ध,
(सही)
कुलूप-किल्लीचा कारागीर
दिनांक : १७ जून
मुक्काम : आपल्या कार्यालयातील बाक

सोबत :
१. कराराची प्रत
२. अग्निशामक दलाचा दाखला
३. पहिला अर्ज (कपाटात असल्याने जोडलेला नाही)