फाट्यावरच्या परमिट रूमचा ठराव

ती. नवनाथदादास,
रत्नाचा नमस्कार.

फाट्यावर, शाळेच्या वाटेवर, गोरखशेठ दारूची परमिट रूम काढतोय. त्याला ग्रामसभेची संमती लागते. आम्ही बचत गटाच्या बायकांनी विरोध करायचं ठरवलं होतं. सभेत बोलणार मी होते.

सभेच्या आदल्या दुपारी गोरखशेठ घरी आला. चहा प्यायला आणि हसत म्हणाला, "वहिनी, तुमची वृषाली घोडेगावला कॉलेजात एकटीच जाती ना? दिवस लई वाईट हायेत. जपा पोरीला."

सभेत सरपंचांनी विचारलं, "कुणाचा विरोध हाय का?" सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. दादा, मी मान खाली घातली. मग एकही उठली नाही. ठराव मंजूर झाला.

वृषालीला मी कारण सांगितलेलं नाही. सभेच्या दिवसापासून ती माझ्याशी बोलत नाही.

हे पत्र मी टाकणार नाही. तुला कळलं तर तू तडक त्याच्या दारात जाशील, आणि तिथून धड परत येशील याची मला खात्री वाटत नाही.

आज तो पुन्हा आला होता. म्हणाला, "उद्घाटनाची फीत तुमच्याच हातानं कापायची, वहिनी."

वृषाली दारात उभी राहून ऐकत होती. मी हो म्हणाले.

तुझी,
रत्ना