हिमानीच्या गाडीचे ब्रेक मीच बदलणार

१० मे
संताप संताप झाला आज. लेकीची, हिमानीची गाडी मेकॅनिककडे नेली. चालवत मी नेली. ब्रेक दाबला की करकर आवाज येतो, हे मी सांगितलं. कधीपासून, किती वेगाला, उतारावर की सरळ रस्त्यावर, सगळं मी सांगितलं. आणि तो माणूस उत्तर देतोय कुणाला? माझ्या नवऱ्याला, विनयला. पॅड झिजलेत, सर. लवकर बदला, सर. सर भिंतीवरच्या टायरच्या जाहिराती वाचत उभे. सरांना स्वतःच्या गाडीचं बॉनेट उघडता येत नाही. मी तिसऱ्यांदा प्रश्न विचारला तेव्हा तो माझ्याकडे बघून गोड हसला आणि म्हणाला, वेटिंग एरियात कॉफी आहे.

गाडी तशीच परत आणली.

१६ ऑगस्टला हिमानी कॉलेजसाठी टूसान शहरात राहायला जाणार. हायवेने, एकटी, पावणेदोन तास. त्याआधी तिचे ब्रेक मी बदलणार. स्वतःच्या हातांनी. चिप बनवणाऱ्या फॅबमध्ये चौदा वर्षं सेफ्टी बघते मी. चारशे माणसं माझ्या शब्दावर हातमोजे घालतात.

मी रागावलेली नाही. फक्त निर्णय घेतला आहे.

१३ मे
ड्राइव्हवेवर जॅक लावून उकिडवं बसायचं माझं वय नाही. घरच्या गॅरेजमध्ये गाडी उचलायची लिफ्ट बसवणार. दोन खांबांची, जमिनीत बोल्ट ठोकून. ऑर्डर केली.

विनय म्हणाला, नीलू, ब्रेकसाठी लिफ्ट? उद्या दाढ दुखली तर हॉस्पिटल बांधशील. असल्या बोलण्याला मी उत्तर देत नाही. रात्री पोळ्या केल्या नाहीत. त्याचा याच्याशी संबंध नाही.

हिमानीला सांगितलं. फोनमधून डोकं न काढता म्हणाली, ओके, बट व्हाय? मनातून खूश झाली असणार.

७ जून
लिफ्ट बसवणारा ड्रिल घेऊन आला. म्हणाला, तो चपलांचा रॅक जरा सरकवा. नऊ वर्षं रॅक तिथेच आहे. आम्ही गॅरेजमधूनच घरात शिरतो, चपला तिथेच निघतात. पुढचं दार पाहुण्यांना आणि पार्सलला. रॅक सरकवला. खाली फरशीवर ठसठशीत अक्षरं कोरलेली: काँक्रीटच्या आत ताणलेल्या तारा आहेत, भोक पाडू नका, कापू नका. घर बांधलं त्या दिवसापासून तिथेच.

त्याने ड्रिल पेटीत ठेवून दिलं. म्हणाला, एखादी तार तुटली असती तर फरशी फोडून वर आली असती, मॅम. मग विनयकडे वळून म्हणाला, बरं झालं आपण बघितलं, सर.

आपण!

ही सूचना मी पाहिलीच नव्हती असं नाही. रॅक नेमका तिथे ठेवण्यामागे माझं काहीतरी कारण होतं एवढं आठवतं. बहुधा सुरक्षितताच.

२८ जून
चार खांबांची लिफ्ट आली. हिला बोल्ट लागत नाहीत. दोन लांब रॅम्प, त्यांच्यावर गाडी चढवायची आणि बटण दाबायचं. रॅम्प वर सरकताना खांबांमधले खटके वाजतात. त्या खटक्यांवर वजन टेकवलं की लिफ्ट खाली येऊ शकत नाही. खरं म्हणजे दोन खांबांपेक्षा हीच चांगली. मला आधीपासून हीच हवी होती.

पूजा केली. हळदकुंकू वाहिलं, नारळ ड्राइव्हवेवर फोडला, दिवाळीतलं झेंडूचं कापडी तोरण एका खांबाला छान गुंडाळलं. हिमानीने विचारलं, इज दॅट सेफ? मी म्हटलं, अगं, त्यासाठीच तर पूजा. ती सोफ्यावर पडून मॅन्युअल वाचत होती. चाळीस पानं! मला त्याची गरज नाही. उलट मीच नियम लिहून, लॅमिनेट करून भिंतीला लावले. पहिला नियम: चारही खटके ऐकल्याशिवाय गाडीखाली जायचं नाही. दुसरा: लिफ्ट कुणीही एकट्याने वापरायची नाही.

विनय म्हणाला, तिसरा लिही, चिडून वापरायची नाही. फार विनोदी.

२९ जून, पहाटे ५
पाच वाजताच नव्वद डिग्री फॅरनहाइट. गॅरेजचं दार उघडं ठेवून गाडी वर घेतली. हिमानी पायजम्यात बघायला आली आणि एकदम किंचाळली, स्टॉप! गाडीचं छप्पर आणि दार यांच्यात दोन बोटं उरली होती. छताची उंची मी मोजली होती, इंचात. उघडलेलं दार छताखाली आडवं येऊन राहतं, हे दार बनवणाऱ्याने सांगायला नको?

दार बंद करून पुन्हा. आत भट्टी. पण गाडी गेली वर. चार खटके. टेकवली. काय दिसत होती!

मग विनयने कॉफी ढवळत विचारलं, चाक कसं काढणार?

ब्रेक बदलायचे तर चाक काढावं लागतं. आणि चाकं चारही रॅम्पवर घट्ट उभी, गाडीचं सगळं वजन पेलत. गाडी वर गेली तशी तीही गेली.

आजचा हेतू निरीक्षणाचा होता, असं मी सांगितलं. विनय म्हणाला, हो, निरीक्षण उत्तम झालं.

६ जुलै
दोन्ही रॅम्पच्या मध्ये बसणारा वेगळा जॅक मिळतो. गाडी त्याने आणखी उचलली की चाकं सुटतात. मागवला. यायला महिना. कंपनीला फोन करून चाळीस मिनिटं बोलले. आवाज चढवला नाही. हिमानीने तिच्या खोलीचं दार लावून घेतलं, ते तिच्या अभ्यासासाठी. सुट्टी असली तरी वाचत असते पोर.

तोवर रोज ऑफिसआधी गाडी वर घेऊन खालून निरीक्षण करायचं. हिमानी आत्ता एकदा आली होती बघायला. तिला तेलाचा फिल्टर दाखवला. तिने सांगितलं, आई, दॅट्स नॉट द फिल्टर. मॅन्युअल वाचून पोरं आगाऊ होतात.

२६ जुलै, सकाळी ६
आज भांडण झालं. मी केलेलं नाही.

गाडी वर घेतली. तीनच खटके ऐकू आले. चौथा वाजला असणार, पंख्याच्या आवाजात कळलं नाही. महिनाभर मी ही लिफ्ट वापरते आहे, कुठला खटका वाजतो ते मला अंगाने कळतं. एक कोपरा किंचित खाली दिसत होता, पण गॅरेजची फरशीच उतरती असते, पाणी वाहून जावं म्हणून. खाली स्टूल घेऊन बसले. एक नट घासत होते. मन फार शांत होतं. अडीच महिन्यांपूर्वी माझ्याकडे धड न बघणारा तो मेकॅनिक डोळ्यांपुढे आणला आणि घासत राहिले.

हिमानी आली. दारातच थांबली. म्हणाली, आई, बाहेर ये. मी म्हटलं, आले. तर ओरडलीच, गेट आउट, गेट आउट राइट नाऊ! माझ्यावर. माझ्या गॅरेजमध्ये. तिच्याच ब्रेकसाठी मी घामाने न्हातेय आणि ही माझ्यावर ओरडते. बाहेर येऊन मी तिला जे बोलायचं ते बोलले. जायचंच आहे ना तुला, तर जा, असंही बोलले. त्याचा ब्रेकशी संबंध नव्हता. कसं आलं तोंडात कुणास ठाऊक.

आणि नियम मोडला तो तिने. मला एकटीला वापरू न देण्यासाठी रोज यायला हवं होतं तिने.

२७ जुलै
विनयने चौथ्या खांबाच्या खाचेतून चिमट्याने झेंडूच्या तोरणाचं टोक ओढून काढलं. त्यामुळे काल खटका बसलाच नव्हता. ते टोक बशीत घालून माझ्यासमोर टेबलावर ठेवलं. विनय विनोद करत नाही तेव्हा फार लागतं.

तोरण सासूबाईंनी पाठवलेलं. त्या लांबीचा विचार करत नाहीत.

हिमानी दोन शब्दांच्या वर बोलत नाही. ओके आणि फाइन.

५ ऑगस्ट, संध्याकाळी
ऑफिसमधून आले तर गाडी रॅम्पवर अगदी मधोमध, सरळ रेषेत उभी. काल मीच चढवली होती. सरावाने हात बसतो. विनय आज घरूनच काम करत होता. काही केलेलं दिसत नाही, तरी दमलेला.

९ ऑगस्ट
हिमानीबरोबर किराणा आणायला गेले. ती चालवत होती. करकर आवाज अजिबात नाही! सात वेळा सिग्नलला थांबलो, सातही वेळा कान दिला. चाक न काढता एवढा फरक. मी म्हटलं, बघ, वस्तूंकडे रोज लक्ष दिलं की त्यांना कळतं. ती बराच वेळ आरशात बघत राहिली. मग म्हणाली, यू आर राइट, आई. कितीतरी दिवसांनी.

१४ ऑगस्ट
जॅक आला. सुट्टी टाकली. चारही खटके ऐकले, दोनदा. चाक काढलं. स्वतः. पाना फिरत नव्हता, त्यावर उभी राहिले. पॅड बघितले.

कोरे! जाड, करकरीत, नवेकोरे! म्हणजे मे महिन्यात झिजलेत म्हणाला तो शुद्ध खोटं! मला वाटलंच होतं. तीन महिने मी भट्टीत भाजले ते या माणसाच्या थापेपायी. फोटो काढले, बाजूला फूटपट्टी धरून. उद्या त्याच्या काउंटरवर ठेवणार. विनय म्हणाला, जाऊ नकोस. मी का ऐकू?

१५ ऑगस्ट
गेले. फोटो ठेवले. आवाज चढवला. वेटिंग एरियातली दोन माणसं कॉफी ठेवून बघायला लागली.

त्याने शांतपणे कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. ५ ऑगस्ट, सकाळी दहा चाळीस. पुढचे पॅड बदलले, मागचे पॅड बदलले. ग्राहकाचं नाव: हिमानी.

सगळं तो माझ्याशीच बोलला. मॅम म्हणाला. खुर्ची दिली. सांगितलं, तुमची मुलगी प्रत्येक पॅड हातात घेऊन बघत होती, फार नेमके प्रश्न विचारत होती. कुणी शिकवलं तिला?

मी फोटो गोळा केले. थँक्यू म्हणायचं राहिलं.

घरी आले. विनयला माहीत होतं. त्यानेच तिच्याबरोबर गाडी उतरवली, चढवली. दहा दिवस माझ्यासमोर बसून जेवला. त्याला मी काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

हिमानी पुस्तकांच्या खोक्याला टेप लावत होती. विचारलं, माझ्यावर एवढाही विश्वास नाही? आणि त्याच माणसाकडे? ती म्हणाली, ही डिड अ गुड जॉब, आई. मी म्हटलं, मी केलं असतं. तिने टेप खाली ठेवली. म्हणाली, आय वॉज नॉट स्केअर्ड ऑफ द ब्रेक्स. मग मराठीत, शब्द शोधत शोधत: तू खाली होतीस ना त्या दिवशी, मला फक्त तुझे पाय दिसत होते. ब्रेक झाले की तू खाली जाणार नाहीस, असं वाटलं.

मी तिची टेप घेतली आणि उरलेली खोकी मीच लावली. जास्तच लावली बहुतेक. तिला उघडताना त्रास होणार.

१६ ऑगस्ट
सात दहाला निघाली. नऊ वाजता मेसेज: रीच्ड. एवढंच.

मी रागावले आहे. कुणावर ते ठरत नाही.

१७ ऑगस्ट, सकाळी ६
लिफ्ट रिकामी. विनय म्हणाला, माझी गाडी ठेव, हवी तर. तो नियमाप्रमाणे शेजारी उभा राहिला, मी बटण दाबलं. गाडी वर घेतली, चारही खटके ऐकले, स्टूल घेऊन खाली बसले. पुढून बघितलं, मागून बघितलं. तेल गळत नाही. काही सैल नाही. काही झिजलेलं नाही. दोन तास शोधलं.

माणसाने इतकी धड गाडी ठेवावी?