यंदाची कानबाई

पारोळा

प्रिय रत्ना,

धुळ्यात तू बरी असशील. माझं मात्र विचारू नकोस. माघात न्हाणीत पडले तेव्हा हाड वाचलं, धीर तेवढा मोडला. तेव्हापासून घरातल्या घरात भिंत धरून चालते. हे हसतात, भिंतीचा रंग उडवलास म्हणतात. हसू देत. ओल्या फरशीवर पाय माझा निसटला होता, यांचा थोडाच!

मेघा नावाची फिजिओथेरपीवाली मुलगी घरी येते. हात न टेकता खुर्चीतून उठायचं, ओट्याला बोटं लावून एका पायावर उभं राहायचं, एका पावलाच्या बोटांना दुसऱ्याची टाच लावत फरशीच्या रेघेवरून चालायचं. या वयात पुन्हा चालायला शिकतेय बघ! पहिल्यांदा एक पाय उचलला तर मी असं किंचाळले, की शेजारच्या पुष्पाबाई लाटणं घेऊनच धावत आल्या. पण खरं सांगते, गुण आला. आता भाजी आणायला एकटी जाते. उतार दिसला की मात्र अजून घाम फुटतो.

आणि श्रावण तोंडावर आलाय. विसर्जनाच्या सोमवारी आपल्या कानबाई देवीचा पाट डोक्यावर घेऊन नदीवर जायचं, ते थोरल्या सुनेचं काम. आजवर कधी विचारही केला नव्हता गं, पण ते ध्यान कसं असतं बघ: दोन्ही हात वर, मान ताठ, पायाखालचं दिसत नाही, भोवती बायकांच्या फुगड्या आणि पुढे नदीचा घसरडा उतार. तोल गेला तर धरायला हात मोकळा कुठे? परवा दार लोटून रिकामा पाट डोक्यावर घेऊन चालून पाहिलं. नेमकी मेघा आली आणि जी रागावली! चाल सुधारलीय, पण एवढ्या गर्दीत, उतारावर, हात वर करून यंदा नाही म्हणजे नाही, म्हणाली. यांना सांगितलं तर यांचं एकच, "काही व्हत नही, कानबाई शे ना!" कानबाई आहे गं, पण पाय माझे आहेत.

जितेंद्रभावजी गेल्यापासून तू कानबाईच्या रोटांच्या नैवेद्याला येतेस, सगळा स्वयंपाक उरकतेस, आणि मिरवणूक निघाली की घर राखायला मागे थांबतेस. कोणी थांब म्हणत नाही, कोणी चल म्हणत नाही. मीही कधी म्हटलं नाही.

फोनवर बोलताना हे शेजारी बसलेले असतात, म्हणून लिहितेय. यंदा कानबाई तू डोक्यावर घे. भाऊबंद काय म्हणतील, याची मलाही धास्ती आहे, खोटं कशाला बोलू? पण कपाळावर कुंकू नाही म्हणून देवी खाली पडत नाही, पाय लटपटले तर पडते. तू अजून भरला हंडा घेऊन गच्चीवर चढतेस. तू हो म्हण, यांना आणि भाऊबंदांना मी सांगते. तू नाही म्हणालीस तर पाट मलाच उचलावा लागेल, आणि रत्ना, मला फार भीती वाटते गं.

तुझीच भित्री जाऊ,
मंजुळा