गुरगुरण्याखालचा आवाज

आई, तुला जाऊन बरीच वर्षं झाली. त्या बँडचा नवा अल्बम आला की अजूनही आधी तुझीच आठवण येते, आणि ती गोड नसते.

दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरचं सरकारी क्वार्टर सोडून आपण नोएडाच्या नव्या फ्लॅटमध्ये आलो आणि तू पुढच्या खोलीत गाण्याचा क्लास काढलास. शिकायला आलेल्या मुलींसमोर मला म्हणालीस, "तू गाऊ नकोस. तू नुसती टाळी धर." त्यानंतर मी घरात कधी गुणगुणलेसुद्धा नाही. कॉलेजात मैत्रिणीने त्या बँडची, डेथ मेटलची कॅसेट दिली. गाणारा पहिल्यापासून शेवटपर्यंत घशातून गुरगुरत होता, गिटारी मधेच ताल बदलत होत्या. इथे कुणाला सूर विचारत नाहीत, या आनंदात मी ती मोठ्याने लावली. तू दारात येऊन उभी राहतेस, हाताला कणीक. मी वाट बघते, बंद कर म्हणशील. तू पूर्ण गाणं ऐकतेस. "हा उत्तम गाणारा आहे. श्वास कुठे घेतो बघ. त्याला ओरडायचंय म्हणून ओरडतो. तुला दुसरं काही जमणार नाही म्हणून तू ओरडशील." आणि पोळ्या लाटायला जातेस.

तिसऱ्या अल्बममध्ये तो गुरगुरता गुरगुरता थांबला आणि मोकळ्या, स्वच्छ आवाजात गायला लागला. स्वयंपाकघरातून तू एवढंच म्हणालीस, "सूर लागला बघ." मला तो फितूर वाटला. पुष्कळ दिवसांनी पुन्हा ऐकलं तेव्हा कळलं, त्या चार स्वच्छ ओळींमुळे पुढचं गुरगुरणं जास्त भीषण झालंय. हे तुला सांगावंसं वाटलं होतं. पण तोवर आपण भाजी आणि सिलिंडर यांपलीकडे बोलत नव्हतो. तुझ्या शेवटच्या आजारात हॉस्पिटलात नर्सने तुला विचारलं, मुलगीही गाते का. तू म्हणालीस, "नहीं. यह सुनती है." तो टोमणा होता की नाही, हे मला आजही ठरवता येत नाही.

नव्या अल्बममध्ये तो अजिबात गुरगुरत नाही. ऑफिसातला एक जण म्हणाला, यार, संपला हा बँड. मी मेट्रोत हेडफोन लावून ऐकला. एका वरच्या सुरावर त्याचा आवाज चिरकतो, म्हातारा झालाय. तरीही त्याने ती जागा तशीच ठेवलीय, आणि मला सगळ्यात तीच आवडली. हे पत्र कुठे टाकायचं नाहीच, म्हणून लिहिते: ती जागा ऐकायला, ऐकून काही म्हणायला तू नाहीस, याचं मला बरं वाटलं.