जमिनीला टेकणाऱ्या पायऱ्या

प्रिय आर्डिस,

तीन आठवड्यांमागच्या रविवारी फोन ठेवल्यापासून तुझं एकच वाक्य डोक्यात घोळतंय. "तुझ्या कॅम्परच्या पायऱ्या मला चढता आल्या, तर मार्चमध्ये येते आणि परत जायचं नाव काढत नाही." तू हसत म्हणालीस खरी, पण तुझं कुठलं हसू खरं आणि कुठलं वेळ मारून नेण्याचं, हे मला मिनेसोटाहून ॲरिझोनापर्यंत फोनवरूनही कळतं. फेब्रुवारी संपायच्या आत तुला कर्टला सांगायचंय, वृद्धाश्रमातली ती तळमजल्यावरची खोली घेतेस की नाही. मुलगा म्हणून त्याचंही काही चुकत नाही. तुझा डावा पाय त्या पडण्यापासून आखूड झालेला, त्यात तिकडचा बर्फ. पण तुला त्या खोलीत जायचं नाही, आणि तू इथं माझ्याजवळ यावंस असं मला फार फार वाटतंय. म्हणजे सगळं येऊन अडलंय ते माझ्या या चाकांवरच्या घराच्या दारातल्या पायऱ्यांवर.

आणि नेमक्या त्या याच महिन्यात मोडल्या. दाराखाली लटकणारी ती घडीची लोखंडी जोडी, माझ्या ऑरिननं हौसेनं दर दोन वर्षांनी काळी रंगवलेली. तीस हिवाळे तिकडच्या रस्त्यावर बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ खाऊन बिजागरी आतून पार पोखरली होती. सकाळी चहाचा कप घेऊन उतरले आणि खालची पायरी तिच्याखालच्या ठोकळ्यावरून निसटून माझ्यासकट जमिनीवर. नडगी सोलवटली, कप फुटला, बाकी काही नाही. शेजारच्या गाडीतला ड्वेन धावत आला, आधी माझ्याकडे बघितलं, मग बिजागरीकडे, आणि बिजागरीपाशीच जास्त वेळ बसला. तुला ठाऊकच आहे तो, टेक्सासचा माणूस, चाळीस वर्षं लेथवर काम केलेला. म्हणाला, "लव्हॉन, ही जोडायची नाही. हिला आता सन्मानानं निरोप द्यायचा." त्याची बायको ओपल खिडकीतून ओरडली, "आधी तिच्या पायाला पट्टी बांध, लोखंडाचं रडगाणं नंतर गा."

पायऱ्या निवडणं म्हणजे अर्ध्या तासाचं काम, असं मला वाटत होतं. इथं त्याला पंधरा दिवस लागले. ड्वेननं आधी पाण्याची टाकी भरून घ्यायला लावली, गाडी चारी बाजूंनी समतल केली, आणि मगच उंबऱ्यापासून जमिनीपर्यंत टेप धरला. रिकाम्या आणि तिरक्या गाडीचं माप घेऊन पायऱ्या मागवणारी माणसं वर्षानुवर्षं गुडघे चोळत बसतात, असं तो म्हणतो. माप निघालं तीस इंच. मी तुझ्या पायाचं सांगितलं तर म्हणाला, एकेक पायरी साडेसात इंचांच्या वर नको. मी म्हटलं, साडेआठ चालेल की. तो म्हणाला, "तुझी बहीण काय शेळी आहे?"

मग सुरू झाली आमची वरात. तुला आठवत असेल, इथं कुणी कुणाचं दार वाजवत नाही. बाहेर उभं राहून हाक मारायची, आणि आतून 'ये' म्हटल्याशिवाय पायरीवर पाय ठेवायचा नाही. पायरी म्हणजे घरच. त्या पंधरा दिवसांत ड्वेननं गाड्यांच्या साऱ्या तळावर सांगून ठेवलं की लव्हॉनला पायऱ्या चढून बघायच्यात, आणि लोकांनी मला आपापल्या दारांत बोलावलं. दुपारची उन्हं डोंगरांवर पातळ होत जायची, सगळं वाळवंट फिक्या गुलाबी पाण्यात बुडाल्यासारखं दिसायचं, आणि मी या दारातून त्या दारात चढत-उतरत हिंडत असायचे. प्रत्येक ठिकाणी कॉफी. एकीकडे विजेवर आपोआप बाहेर येणारी पायरी होती, ती मालकाच्याच पोटरीला चावलेली. एकीकडे नुसतं प्लास्टिकचं स्टूल. कुणाच्या दारात बसले की उठवत नसे. मला वाटायचं, मी पायऱ्या बघत नसून कुणाच्या तरी स्वप्नातल्या घरांतून फिरतेय, आणि सगळीकडे कुणीतरी नुकतंच उठून बाहेर गेलंय.

शेवटी दोनच उरल्या. एक आपली जुनीच तऱ्हा, गाडीच्या सांगाड्याला खाली लटकणारी. दुसरी नव्या पद्धतीची, उंबऱ्यावर बसवलेली, तिला स्वतःचे पाय असतात आणि ते खालीवर करून जमिनीला टेकवता येतात. निघताना घडी करून दारातच उभी करायची. ती चार पायऱ्यांची मिळते, आणि बाजूला कठडा लावता येतो. तुझ्यासाठी कुठली बरी हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. पण मी ड्वेनशी भांडत राहिले. म्हटलं, रस्त्यात दोन मिनिटं थांबलं की अख्खी घडी उलगडत बसायची का? म्हटलं, पायऱ्यांची सगळी धूळ घरात येईल. तो शांतपणे ऐकायचा. ओपलनं मात्र एकदा कॉफी ओतता ओतता विचारलं, "बाई, तुला बहीण यायला हवीय की नकोय?" मी परत धुळीचंच बोलत राहिले.

खरं कारण धुळीचं नव्हतं, आर्डिस. तुला आपल्या तळ्यावरचा तरंगता धक्का आठवतो? पिंपांवर फळ्या ठोकून बाबांनी केलेला? आपण दोघी डोळे मिटून त्यावर पालथ्या पडायचो, फळ्यांना उन्हाचा आणि शेवाळ्याचा वास, आणि कुणी धक्क्यावर पाऊल टाकलं की तो कसा डुलतो त्यावरून ओळखायचो. बाबा असले की सगळं तळं खाली दबल्यासारखं वाटे. आई आली की जेमतेम कळे. तू नेहमी बरोबर ओळखायचीस, आणि मला खोटं खोटं जिंकू द्यायचीस.

लटकत्या पायरीचं तसंच असतं. ती गाडीला बांधलेली, त्यामुळे तिच्यावर पाय पडला की सगळं घर त्या बाजूला झुकतं आणि परत येतं. अडतीस वर्षं मी दुपारी आत पडलेली असायचे आणि घर एकदा हळूच झुकायचं. मग समजायचं, ऑरिन आला. डोळे उघडायची गरज नसे. हातात लाकडं असली तर जरा जास्त झुकायचं, माझ्यावर चिडलेला असला तर झटकन. मी अर्धवट झोपेतच त्याला सांगायचे, कॉफी शेगडीवर आहे. पुढं त्याचे गुडघे गेले, तेव्हा इथले सगळे करतात तसं त्यानंही खालच्या पायरीखाली लाकडी ठोकळा सरकवून ठेवला. पायरी घट्ट झाली आणि घर हलायचं थांबलं. शेवटची दोन वर्षं तो घरात यायचा आणि मला कळायचंच नाही. अचानक समोर उभा. मी त्याला तसं कधी बोलले नाही, गुडघ्यांपुढं असल्या गोष्टी काय बोलायच्या. आणि मग एका एप्रिलमध्ये तो गेलाच.

नवी पायरी मी घेतली, जमिनीला टेकणारी, चार पायऱ्यांची, दोन्ही बाजूंना कठडा. काल ड्वेननं बसवली. ओपल तीनदा चढली, तीनदा उतरली आणि म्हणाली की आता तुझी बहीण इथं नाचतसुद्धा येईल. ती चढत होती तेव्हा मी मुद्दाम आत पलंगावर पडून बघितलं. घर जराही हललं नाही. मी थोडी रडले, मग उठून त्यांना केक दिला.

म्हणजे तुला यायला आता काही अडचण नाही, हे मी फोनवरही सांगू शकले असते. पण फोनवर तू मला पुढचं बोलू दिलं नसतंस, मध्येच हसून उडवून लावलं असतंस, आणि मीही आठ वर्षं जशी गप्प बसले तशीच परत बसले असते. तर ऐक. ऑरिन गेल्यावर त्या ऑक्टोबरात तू सोबतीला इथं आलीस. पाच दिवस तू त्या घट्ट पायरीवरून चढत-उतरत होतीस. सहाव्या दिवशी दुपारी तू कपडे धुवायला गेलीस, तेव्हा मी खाली वाकले आणि पायरीखालचा ठोकळा काढून घेतला. मला फक्त एकदा घर झुकलेलं हवं होतं. तुला सांगायला हवं होतं, पण सांगून केलं असतं तर ते खरं वाटलं नसतं. मी आत जाऊन डोळे मिटून पडले. तू टोपली घेऊन आलीस, नेहमीच्या भरवशानं पाय टाकलास, पायरी खाली दबली आणि तू पडलीस. तू खाली डोळे मिटून कळवळत होतीस, आणि लोक धावत येईपर्यंत मी ठोकळा परत जागेवर सरकवला होता. ड्वेननं पायरी तपासली, ती घट्ट होती. मग सगळ्यांनी तुझ्या त्या लाल लाकडी तळव्यांच्या चपलांना दोष दिला, दवाखान्यात तूही तेच सांगितलंस, आणि मी मान डोलावली. अजूनही कर्ट त्या चपलांवरून तुझी थट्टा करतो आणि तू हसतेस. चपलांचा काही दोष नव्हता. आणि सगळ्यात वाईट अजून सांगायचंय. तुझी किंकाळी ऐकू यायच्या आधी घर झुकलं, त्या एका पळात मला इतका आनंद झाला होता, जितका त्यानंतर आजवर कधीच झाला नाही. तो आनंद तुझ्या पायाच्या बदल्यात मिळाला, हे माहीत असताना तुला नुसतं 'ये' म्हणून बोलावणं मला जमेना. आता तुला सगळं ठाऊक आहे. तू रागावलीस, कधीच आली नाहीस, तरी मी काही म्हणणार नाही. फक्त कर्टला काय सांगायचं ते ठरवण्याआधी हे पत्र दोनदा वाच.

तुझीच,
लव्हॉन